गुडघ्याचं कौतुक

माझ्या उजव्या गुडघ्यावर आजवर बरीच भाषणं झाली आहेत, आणि त्यातली बहुतेक मीच केली आहेत. शाळांच्या क्रीडामहोत्सवाला कोणीतरी पाहुणी लागते, मोठे खेळाडू काही येत नाहीत, मग माझा नंबर लागतो. सूत्रसंचालन करणारी बाई दरवेळी माइकवर सांगते की मॅडमचा गुडघा निखळला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण मॅडमनी जिद्द सोडली नाही. डॉक्टरांनी आशाबिशा काही सोडली नव्हती. त्यांना जेवायला जायची घाई होती आणि त्यांनी 'सहा आठवडे पाय टेकू नको' एवढंच सांगितलं होतं. पण पाहुणीनं मध्येच उठून दुरुस्त्या करायच्या नसतात, शाल-श्रीफळ घेऊन गोड हसायचं असतं. मागच्या हिवाळ्यात एका शाळेनं माझ्या शेजारी मानसशास्त्र शिकलेली एक चुणचुणीत मुलगी बसवली होती. ती म्हणाली, दुखापतीतून शरीर आधी बाहेर येतं, मन मागून येतं, आणि कित्येकांचं मन येतच नाही. त्या भीतीबद्दल मोकळेपणी बोललं पाहिजे. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मनात म्हटलं, पोरी, तू पन्नास वर्षं आधी आमच्या वस्तीत आली असतीस तर एका बाईचं फार भलं झालं असतं. ती बाई मी नव्हे. माझं तसंही भलंच झालं.

आम्ही उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत राहायचो. दोन खोल्या, पुढं टिनाचं छप्पर आणि छपराखाली आई. आई विड्या वळायची. तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर सूप आणि हातात कैची. दिवसभर आपलं कच कच कच. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, त्या आवाजात दुपारी झोपले. अजूनही शिंप्याच्या दुकानात कैची चालताना ऐकली आणि ती थांबली की मला भूक लागते, कारण आईची कैची थांबली म्हणजे ती चुलीपुढं गेली. बाबा कापडगिरणीत विणाई खात्यात होते. गिरणीचा पहिला भोंगा झाला की चहा, दुसरा झाला की त्यांची सायकल गल्लीच्या तोंडाशी. छप्पन सालच्या दीक्षेच्या वेळी मी आईच्या पोटात होते. त्यामुळं 'शीला जन्मापासून बौद्ध आहे आणि बाबा तिच्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठे बौद्ध आहेत,' असं दादा चिडवायचा. हा दादा कॉलेजात जायचा, गादीखाली घडी घालून पँटीला इस्त्री करायचा आणि घरातल्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या सोल्यांची उसळ. रविवारी जमलं तर मटण, नाही जमलं तर अंड्याचा रस्सा आणि मटणाच्या गप्पा.

विहाराच्या मागं मोकळी जागा होती, तिथं संध्याकाळी आम्ही मुली कबड्डी खेळायचो. शिकवायला धनराजभाऊ. दिवसा एका डॉक्टरकडं कंपाउंडर, संध्याकाळी आमचे गुरू, आणि दोन्हीकडं आवाज सारखाच चढा. कबड्डी माहीत नसलेल्यांसाठी सांगते: एकटीनं समोरच्या अंगणात शिरायचं, तोंडानं 'कबड्डी कबड्डी' एका दमात म्हणत राहायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत मधल्या रेषेवर परत यायचं. त्यांनी धरून ठेवलं आणि दम तुटला की आपण बाद. मी चढाई करणारी. माझी मैत्रीण निर्मला पकड करणारी, तिची जागा डाव्या कोपऱ्यात. चढाई करणारीच्या घोट्याला तिचा हात पडला की सुटायचा नाही. धनराजभाऊ म्हणायचे, ही माणसाची पोट्टी नाही, घोरपड आहे. बोलायला मात्र ती इतकी गरीब की दुकानदारानं शिळा पाव दिला तरी 'बरं' म्हणून घ्यायची. तिच्या वडिलांची छाती गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं भरली होती. ते कामावरून घरी बसले होते, म्हणजे बाजेवर बसून खोकत असायचे, आणि निर्मलेच्या पाठीवर तीन बहिणी होत्या. आमच्यापैकी कोणा एकीला नोकरी लागणार असेल तर ती निर्मलेला लागावी, एवढं वस्तीतल्या कोंबड्यांनाही कळत होतं.

सरावातच झालं ते. मी तिच्या कोपऱ्यात शिरले, तिनं घोटा धरला, मी नेहमीप्रमाणं हिसका दिला, आणि पाय तिच्या हातात राहून अंग मात्र दुसरीकडं वळलं. तुरीची वाळकी तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. मला कळायच्या आधी तो निर्मलेला कळला. तिनं हात सोडले आणि ते आपल्याच काखेत दाबून मटकन खाली बसली. मी ओरडत होते, पण मला आठवतो तो तिचा चेहरा. 'माय वं, माय वं,' एवढंच ती म्हणत होती, जसं काही तिचाच पाय मोडला. धनराजभाऊंनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं, मांडीपासून पोटरीपर्यंत पांढरं प्लास्टर चढलं आणि आमच्या घरात माझं राज्य सुरू झालं.

राज्यच ते! तोवर या घरात मला कोणी विचारत नव्हतं. आता सकाळी हळद घातलेलं दूध, वर उकडलेलं अंडं, आणि ते अंडं दादाच्या डोळ्यांदेखत. नळावरून पाणी आणायचं काम माझं होतं ते दादाच्या गळ्यात पडलं. इस्त्रीच्या पँटीचे पाय दुमडून तो बायकांच्या रांगेत पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभा राहायचा आणि बायका त्याला आवर्जून पुढं जाऊ द्यायच्या, त्यामुळं त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेजारपाजारच्या प्रत्येकीकडं गुडघ्यावर एक रामबाण उपाय होता. कोणी निरगुडीचा पाला आणला, कोणी एरंडाची पानं, कोणी डिंकाचे लाडू. पाल्याचा आणि पानांचा उपयोग प्लास्टर निघेपर्यंत नव्हता, लाडवांचा लगेच झाला. माझी आत्या भेटायला आली, पायाकडं बघून डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "लंगड्या पोट्टीले आता कोण करंल वं बाई?" आईनं कैची थांबवली नाही, मानही वर केली नाही. "तुह्या पोट्ट्याचे तं दोन्ही पाय धड हायेत," ती म्हणाली, "त्याले कोण देऊन राहिलं?" आत्या चहा न पिता गेली.

आणि दर रविवारी निर्मला. तिच्या आईनं बकरीच्या पायाचा रस्सा रात्रभर चुलीवर ठेवून केलेला असायचा, वर तेलाची लाल तर्री, आणि तो पितळी डबा दोन्ही हातांनी धरून ती दारात उभी राहायची. हाडानं हाड जुडते, असं तिच्या आईचं म्हणणं. ज्या घरात औषधाची मारामार तिथून माझ्यासाठी पाय यायचे. मी ते चाटूनपुसून खायचे. खोटं कशाला बोलू, इतका चांगला रस्सा मी पुन्हा कधी खाल्ला नाही. निर्मला समोर बसून मी खाते ते बघत राहायची.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. आतून बारकी, पांढुरकी तंगडी निघाली, पण महिनाभरात ती भरली. मी चालायला लागले, मग घरात कोणी नसताना धावून पाहिलं, उड्या मारून पाहिल्या. काही दुखत नव्हतं. गुडघा ठणठणीत होता. मी मैदानावर गेले, सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी रेषा ओलांडून चढाईला निघाले. कबड्डी कबड्डी कबड्डी. चार पावलं गेले असेन. समोर एक मुलगी पकडीसाठी वाकली, तिचा हात जमिनीलगत पसरला, आणि माझ्या कानात ती तुऱ्हाटी मोडली. तोंड उघडं, जीभ हलतेय, आवाज नाही. धनराजभाऊंची शिट्टी वाजली. "दम गेला! बाहेर!" दुसऱ्या चढाईला तेच. तिसऱ्याला तेच. क्रिकेटवाल्यांचं बरं असतं, ते भ्यायले तरी उभे राहून बॅट ठोकत बसतात, कोणाला कळत नाही. आमच्या खेळात भीती वाटली की ती तोंडातून ऐकू येते.

धनराजभाऊ जवळ आले. "काहून वं शीले? गुडघा दुखून राहिला काय?"

बघा, प्रश्नही त्यांनीच दिला आणि उत्तरही. भीती वाटते म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी सगळ्या मुलींसमोर ओरडून माझी खेटरानं पूजा केली असती. 'भेकड' हा शब्द त्या मैदानावर शिवीसारखा वापरला जायचा. गुडघ्याला मान होता. गुडघ्याला दूध होतं, अंडं होतं, डिंकाचे लाडू होते. भीतीला काय मिळणार होतं, कप्पाळ?

"हो भाऊ," मी म्हटलं. "दुखते उलुसा." आणि मी लंगडत बाहेर आले.

मग ठरलं की डॉक्टरांचं काम संपलं, आता वस्ताद. जुन्या नागपुरात, महाल भागातल्या एका बोळात जुने पहिलवान होते, निखळलेले सांधे बसवायचे. सगळं नागपूर त्यांच्याकडं कण्हत जायचं आणि शिव्या देत परत यायचं. मला तिथं न्यायचं काम निर्मलेनं आपणहून घेतलं. बाबांची सायकल, मागं कॅरिअरवर मी, आणि ही बया उत्तर नागपूर ते महाल मला ओढत न्यायची. उतारावर सुद्धा ब्रेक दाबत, खड्डा आला की उतरून, हळूहळू. मी मागं बसून तिच्या ओल्या झालेल्या पाठीकडं बघायचे. धडधाकट पाय लोंबकळत ठेवून.

वस्तादांनी पहिल्याच दिवशी गुडघ्यावर तेल घातलं, अंगठा फिरवला, पाय दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. मग निर्मलेला म्हणाले, "जाय बेटा, मागच्या घरातून गरम पाणी घेऊन ये." ती गेल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. भला मोठा माणूस, कान कुस्तीनं चुरगळलेले, डोळे मात्र बारीक आणि चलाख.

"याच्यात काही नाही," ते म्हणाले. "गुडघा पक्का आहे. किती दिवसांची बांधू?"

मला कळलंच नाही. "काय?"

"पट्टी गा... पट्टी वं," त्यांना पोरींशी बोलायची सवय नव्हती. "आठ दिवसांची बांधू का पंधरा दिवसांची? लाजू नको. माह्याकडं निम्मे लोक असेच येतात. पोट्ट्याची कुस्ती जवळ आली की खांदा निखळते. कारकुनाची बदली आली की कंबर धरते. मी कोणाले काही म्हणत नाही. बांधून देतो."

माझे कान तापले. मी म्हटलं, पंधरा.

ते पट्टी गुंडाळायला लागले. तेलकट, पिवळी, चार बोटं रुंद पट्टी. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "एक सांगतो. पंधरा दिवसांवर ठेवू नको. मंग ते सुटत नाही. मले एकानं खांद्यावर आपटलं होतं, तुह्याएवढा होतो. दोन महिन्यांत बरा झालो. तवापासून इथं बसून दुसऱ्यांचे खांदे बसवून राहिलो." आणि ते हसले, मोठ्यानं, पोट हलवून. निर्मला पाणी घेऊन आली तिला वाटलं काही गंमत झाली, म्हणून तीही हसली.

हे सगळं मी लिहिते आहे आणि निर्मला हे वाचणार आहे. ती रामटेककडं दिलेली. नवरा गेला, मुलगा धानाची शेती बघतो, ती चष्मा लावून वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पुस्तक छापून आलं की पहिली प्रत मला, असं तिनं फोनवर बजावलं आहे. म्हणून या पानापाशी मी गेले तीन आठवडे अडकले आहे. आज सकाळपासून दोनदा चहा केला, एकदा कपाट आवरलं. पण आता लिहिते.

पंधरा दिवस झाले आणि मी पट्टी सोडली नाही. तेवढ्यात धनराजभाऊ बातमी घेऊन आले: एका सरकारी खात्याला महिलांचा कबड्डी संघ उभा करायचा आहे, कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या मैदानावर चाचणी आहे, ज्या निवडल्या जातील त्यांना नोकरी. पक्की, सरकारी, पेन्शनची! आमच्या मंडळातून दोन नावं गेली, निर्मलेचं आणि माझं. बाबांनी त्या दिवशी गिरणीतून येताना बुंदी आणली. निर्मलेच्या वडिलांनी बाजेवरून उठून, भिंत धरत, आमच्या दारापर्यंत येऊन मला आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "आमच्या पोट्टीले सांभाळून नेजो बाप्पा." मी 'हो काका' म्हटलं.

सराव पुन्हा सुरू झाला. पट्टी बांधलेलीच. आणि मला एक शोध लागला. उजव्या कोपऱ्याकडं गेले की दम तुटायचा. मधल्या मुलींकडं गेले की तुटायचा. निर्मलेच्या कोपऱ्यात गेले की तुटत नव्हता. कारण तिथं कोणी मला धरतच नव्हतं. तिचा हात यायचा, बरोबर घोट्यावर यायचा, आणि पट्टीवर नजर पडली की थांबायचा. घोरपडीची नखं गळली होती. इतर मुलींना ती धरायची तेही आता घाबरत, ढिलं, सुटेल असं. धनराजभाऊ तिच्यावर डाफरायचे, "हातात मेहंदी लावून आली काय वं?" आणि माझ्याकडं वळून म्हणायचे, "पाहा! हिले म्हणते जिद्द! बांधल्या पायानं खेळून राहिली!" मला कळत होतं. मी काही लहान नव्हते, एकोणीस वर्षांची घोडी होते. एकदा पट्टी काढून भिरकावली असती आणि 'निर्मले, धर मला' म्हटलं असतं तर तिचे हात परत आले असते. पण मग माझं काय? माझ्या दमाचं काय? पट्टी मळली की मी महालात जायचे आणि नवी बांधून घ्यायचे. तिसऱ्या खेपेला वस्तादांनी किती दिवसांची ते विचारलंच नाही.

चाचणीच्या सकाळी पट्टी मी स्वतः बांधली. घट्ट, लांबून दिसेल अशी. कोराडीची बस कोळशाच्या ट्रकांच्या मागं मागं गेली. वसाहतीतल्या झाडांच्या पानांवर राखेचा थर होता आणि मैदानही राखाडी. विदर्भातल्या कुठून कुठून मुली आल्या होत्या. निवड करायला दोन पुरुष आणि एक बाई, कॅनव्हासचे बूट आणि पांढरी साडी, हातात वही. बाईंनी माझा पाय बघितला. "ही पट्टी कसली?" मी तोंड उघडायच्या आत धनराजभाऊंनी सगळी कथा सांगून टाकली: तुटलेला गुडघा, प्लास्टर, तेल, आणि तरी पोट्टी मागं हटत नाही. बाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत कौतुक दिसलं. दोन संघ पाडले, आणि मला आणि निर्मलेला समोरासमोर टाकलं.

पहिली चढाई मी उजवीकडं केली. मनापासून प्रयत्न केला, हे एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. उजव्या कोपऱ्यात भंडाऱ्याकडची एक आडदांड मुलगी होती, ती वाकली, तिचे पंजे उघडले, आणि माझा आवाज घोगरा व्हायला लागला. कशीबशी कोणाला न शिवता परत आले. त्यानंतर मी डावीकडं गेले आणि डावीकडंच जात राहिले. निर्मलेचा हात आला, बोटं घोट्याभोवती मिटली, आणि उघडली. मी तिला शिवून परत. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. तिच्याच संघातली मुलगी तिच्यावर ओरडली, "ए कोपरा, झोपून राहिली काय?" कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. एकदा मी तिच्या इतकी जवळ होते की तिच्या वरच्या ओठावरचा घाम दिसला. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, गुडघ्याकडं बघत होती. पट्टीला एकच गाठ होती. ओढली असती तर सुटली असती. मला तेव्हा, त्याच क्षणी, हे सुचलं होतं. नंतर सुचलं असं मी म्हणणार नाही. मी तिला शिवले आणि पळाले. माझा आवाज काय खणखणीत लागला होता त्या दिवशी! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी कडुलिंबाखाली नावं वाचली. माझं चौथं होतं. निर्मलेचं नव्हतं. बाई मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझ्यासारख्या मुली हव्यात." निर्मलेला त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं, 'हात कच्चे आहेत, मेहनत कर.' हात कच्चे! मला तिथंच जमिनीनं गिळावं असं वाटलं, आणि त्याच वेळी नोकरी लागली म्हणून पोटात गुदगुल्याही होत होत्या. दोन्ही एकदम होतं माणसाला. मी आनंदी होते. ते लपवायला मी तोंडावर पाणी मारत बसले.

परतीच्या बसमध्ये धनराजभाऊ पुढं बसून ड्रायव्हरला माझी कथा सांगत होते. आम्ही दोघी मागं. दोघींच्या केसांत राख. तिच्या आईनं दिलेल्या डब्यातल्या भाकरीला दोघींनी हात लावला नव्हता. ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं रडते आहे, पण रडत नव्हती, काहीतरी जुळवत होती. मग माझ्याकडं वळली.

"शीले, एक विचारू? खरं सांगजो."

"विचार."

"मी सोडलं तुले. मले धरता येत होतं, बोटं बसली होती. पण मले वाटलं, आता मी धरलं तं हिचा गुडघा पुन्हा जाईन, मंग जन्माची गेली." तिनं भाकरीचा डबा बाजूला सरकवला. "मी बरं केलं न वं?"

तिला घरी जाऊन बाजेवरच्या माणसाला काय झालं ते सांगायचं होतं. तिला एवढंच हवं होतं, की ज्यासाठी सोडलं ते खरं होतं. माझी मांडी तिच्या मांडीला लागून होती, धडधाकट, आणि आत हाडाला हाड पक्कं बसलेलं.

"हो," मी म्हटलं. "तू धरलं असतं तं मी आज उभी नसती राहिली वं."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तिनं सुटकेचा श्वास सोडला, आणि माझ्या गुडघ्यावर ओझं नको म्हणून माझी पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.